प्रत्येक वेळी वरचे मॉडेल

स्पोर्ट्स कार घेणाऱ्यापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. गाडी तीच, बांधणी तीच, डौलही तोच. पण इंजिने दोन. एक साधे, दुसरे अधिक ताकदीचे. वरच्या मॉडेलसाठी जादा पैसे मोजावेत की साध्यावर समाधान मानावे? गाडी वापरलेली असेल, तर हा पेच आणखी अवघड होतो. कारण आधीच्या मालकाने त्या जादा ताकदीचे काय केले असेल, हे बॉनेट उघडल्याशिवाय, आणि पुष्कळदा उघडल्यावरही, कळत नाही. १९५५ च्या प्रारंभी हॉलिवूडमधील व्हाइन स्ट्रीटवरच्या ‘कॉम्पिटिशन मोटर्स’ या विक्रीकेंद्रात चोवीस वर्षांचा एक नट याच प्रश्नापुढे उभा होता. त्याने वरचे मॉडेल घेतले. काही महिन्यांतच ती गाडी त्याने तिथेच परत दिली आणि तिच्याहूनही वरची उचलली. ही दुसरी गाडी त्याच्याकडे अवघे नऊ दिवस राहिली.

जेम्स बायरन डीन हे त्याचे नाव. प्रमुख भूमिका असलेले त्याचे चित्रपट तीनच, आणि त्यांतला एकच त्याच्या हयातीत पडद्यावर आला. अभिनयासाठी दोनदा मरणोत्तर ऑस्कर नामांकन मिळालेला तो एकमेव नट. लाल जाकीट, ओठांत सिगारेट, खाली झुकलेली नजर हे त्याचे चित्र जगभरच्या भिंतींवर लागले. त्या चित्रामागच्या माणसाला मात्र अखेरच्या वर्षात अभिनयाइतकीच, किंबहुना काकणभर अधिक, ओढ मोटारींच्या शर्यतींची होती. या ओढीकडे बहुतेक चरित्रकार मृत्यूची पूर्वसूचना म्हणून पाहतात. त्यापेक्षा त्याने कोणत्या गाड्या, कोणत्या क्रमाने आणि किती घाईने घेतल्या, हे पाहिले तर त्याच्याविषयी अधिक काही हाती लागते.

डीनचा जन्म ८ फेब्रुवारी १९३१ रोजी इंडियाना राज्यातील मॅरियन या गावी झाला. वडील दंततंत्रज्ञ होते. कुटुंब पुढे कॅलिफोर्नियात सांता मोनिका येथे स्थायिक झाले. आई मिल्ड्रेड ही या एकुलत्या मुलाचे सारे विश्व होती. १९४० मध्ये कर्करोगाने तिचा मृत्यू झाला, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आईची शवपेटी ज्या आगगाडीने इंडियानाला गेली, त्याच गाडीने या मुलालाही पाठविण्यात आले. वडील कॅलिफोर्नियातच राहिले. फेअरमाउंट या छोट्या गावाजवळ आत्या ऑर्टेन्स आणि तिचे यजमान मार्कस विन्स्लो यांच्या शेतावर तो वाढला. घर मायेचे होते, माणसे कष्टाळू आणि धार्मिक होती. पोरकेपणाची बोच मात्र पुढे त्याच्या प्रत्येक भूमिकेत डोकावत राहिली.

शेतावर वाढलेल्या मुलाला यंत्राचे भय नसते. ट्रॅक्टर, पंप, मळणीयंत्र हे त्याच्या रोजच्या परिचयाचे. मार्कस यांनी पुतण्याप्रमाणे वाढविलेल्या या भाच्याला शाळकरी वयातच एक छोटी चेकोस्लोव्हाक बनावटीची ‘सीझेड’ मोटारसायकल घेऊन दिली. घराजवळच मोटारसायकलींचे एक दुकान होते. मुलाचा बराच वेळ तिथे जाई. इंडियानापोलिसची प्रसिद्ध पाचशे मैलांची शर्यतही याच राज्यातली. मोटारींच्या शर्यतींचे वेड त्याला लागले ते याच वातावरणात. शाळेत तो बास्केटबॉल चांगला खेळे आणि नाट्यवाचनाच्या स्पर्धा जिंके. १९४९ मध्ये शालेय शिक्षण संपताच तो कॅलिफोर्नियाला परतला.

तेथील दोन वर्षे धडपडीची गेली. आधी सांता मोनिकाचे महाविद्यालय, मग लॉस एंजेलिसचे विद्यापीठ; पदवी न घेताच दोन्ही सुटले. एका शीतपेयाची जाहिरात, चित्रपटांतील दोन-चार ओझरत्या भूमिका, यापलीकडे काही जमेना. १९५१ मध्ये त्याने न्यूयॉर्क गाठले आणि पुढच्या वर्षी ‘अ‍ॅक्टर्स स्टुडिओ’त प्रवेश मिळविला. १९५२ च्या डिसेंबरात ब्रॉडवेवर ‘सी द जॅग्वार’ या नाटकात त्याला काम मिळाले. नावातला जॅग्वार म्हणजे मोटार नव्हे, खराखुरा श्वापद. नाटकाचे अवघे पाच प्रयोग झाले. मात्र १९५४ मध्ये आंद्रे जीद यांच्या कादंबरीवरील ‘द इम्मॉरलिस्ट’ या नाटकातील अरब पोराच्या भूमिकेने तो जाणकारांच्या नजरेत भरला. त्याच सुमारास दिग्दर्शक एलिया कझान यांनी त्याला ‘ईस्ट ऑफ ईडन’साठी निवडले.

हाती पहिल्यांदाच बऱ्यापैकी पैसा आला, आणि डीनने जे घेतले ते सारे धावणारे होते: एक घोडा, एक ‘ट्रायम्फ’ मोटारसायकल आणि लाल रंगाची वापरलेली ‘एमजी टीडी’. त्या काळी अमेरिकेत स्पोर्ट्स कारच्या नादाला लागणाऱ्या बहुतेकांची सुरुवात याच ब्रिटिश गाडीने होई. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये राहून आलेल्या सैनिकांनी एमजीचे वेड सोबत आणले होते. ‘टीडी’चे इंजिन साडेबाराशे सीसीचे आणि ताकद जेमतेम ५४ अश्वशक्तीची. तिचीही ‘मार्क टू’ नावाची अधिक ताकदीची आवृत्ती होती. पण फरक थोड्याच अश्वशक्तींचा. १९५३ मध्ये या मॉडेलचे उत्पादन थांबले होते, त्यामुळे किंमत आवाक्यात होती. उभ्या काचेची, बाहेर डोकावणाऱ्या मडगार्डची ही गाडी दिसायला युद्धपूर्व वाटे. वेग बेताचा, पण वळणावर ती काय करते आहे हे चालकाच्या पाठीला ताबडतोब कळे. शिकाऊ चालकाला याहून चांगला गुरू नाही. डीनने हा गुरू वर्षभरही ठेवला नाही.

‘ईस्ट ऑफ ईडन’ ९ मार्च १९५५ रोजी न्यूयॉर्कमध्ये झळकला. त्या समारंभाला नायकच गैरहजर होता. प्रसिद्धीच्या या लाटेच्या आसपासच एमजी गेली आणि तिच्या जागी ‘पोर्शे ३५६ स्पीडस्टर’ आली.

या गाडीची जन्मकथा मोठी गमतीची आहे. पोर्शे ही तेव्हा जर्मनीतील लहानशी कंपनी होती आणि तिचा भार बराचसा अमेरिकी गिऱ्हाइकांवर होता. न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन आणि पश्चिम किनाऱ्यावरचे विक्रेते जॉन फॉन न्यूमन (प्रसिद्ध गणितज्ञ नव्हेत, हे दुसरे) यांची तक्रार अशी, की पोर्शे गाड्या उत्तम असल्या तरी महाग पडतात. तरुणांना परवडेल अशी, सारा सरंजाम काढून टाकलेली उघडी गाडी द्या. त्यातून १९५४ च्या उत्तरार्धात स्पीडस्टर निघाली. बुटकी, काढून ठेवता येणारी समोरची काच, पातळ कापडी टप, दारांना काचा नाहीत, आसने सडपातळ. किंमत तीन हजार डॉलरला पाच कमी. पाऊस आला तर भिजायचे, थंडी पडली तर कुडकुडायचे. कॅलिफोर्नियात दोन्हींचा प्रसंग क्वचित येतो, त्यामुळे ती तिथे धडाधड खपली.

ही झाली साधी, म्हणजे ‘नॉर्मल’. दीड हजार सीसीचे तिचे इंजिन ५५ अश्वशक्ती देई. सुमारे पाचशे डॉलर अधिक मोजले की तीच गाडी ‘सुपर’ इंजिनासह मिळे, ताकद ७०. पंधरा अश्वशक्तींचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. गाडीचे वजन आठशे किलोच्या आतबाहेर असल्याने रस्त्यावर तो चांगलाच जाणवे. साधी गाडी ताशी दीडशे किलोमीटरच्या थोडी पुढे जाऊन दमे; ‘सुपर’ पावणेदोनशेपर्यंत पोहोचे.

फरक केवळ वेगाचा नव्हता. ‘नॉर्मल’चा क्रँकशाफ्ट साध्या बेअरिंगांवर फिरे. तो सोशिक. गिअर बदलायला उशीर झाला, इंजिन कण्हू लागले, तरी चालून जाई. ‘सुपर’मध्ये ‘हिर्थ’ पद्धतीचा, तुकडे जोडून बनविलेला क्रँकशाफ्ट होता आणि तो रोलर बेअरिंगांवर फिरे. तो जोमाने फिरत राहिला तर खूश. वरच्या गिअरमध्ये इंजिन रडतखडत ओढले तर बेअरिंगे कुरतडली जात. तेल वेळच्या वेळी बदलावे लागे, आणि खोलून पुन्हा जुळविण्याचे काम गल्लीतल्या मेकॅनिकच्या आवाक्यातले नव्हते. म्हणजे ‘सुपर’ ही शर्यतीत पळविण्यासाठीच घेण्याची गाडी. भाजी आणायला जाणाऱ्याने ती घेतली, तर इंजिन मुकाट्याने झिजत राही आणि खर्चाचा फटका दुसऱ्या मालकाला बसे. जुनी स्पीडस्टर पाहायला जाणारा जाणता गिऱ्हाईक त्यामुळे आजही आधी इंजिनाचा क्रमांक पाहतो. कारखान्याच्या नोंदीशी तो जुळला, तर किंमत लाखो डॉलरच्या घरात जाते.

आणखी एक बाब विक्रेते सहसा पुढे करीत नसत. इंजिन बदलले तरी बाकी गाडी तीच राही. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे टांगलेले, मागचा दांडा झुलता, चारही चाकांना ड्रम ब्रेक. वळणाच्या मध्यावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की मागची चाके आत दुमडत आणि गाडीचे शेपूट पुढे येऊ पाही. ‘नॉर्मल’मध्ये हे कमी वेगात घडे आणि चूक सावरता येई. ‘सुपर’मध्ये तीच चूक अधिक वेगात होई. थोडक्यात, जादा पैसे देऊन घेतली जाई ती नुसती ताकद नव्हे, अधिक जबाबदारीही. नवशिक्याने वर्षभर ‘नॉर्मल’ चालवावी आणि मग पुढचे पाहावे, हा सल्ला तेव्हाही शहाणपणाचा होता. डीनने पांढरी ‘सुपर’ घेतली.

त्याची निवड चुकली, असे मात्र म्हणता येत नाही. गाडी शर्यतीसाठी घेतली आणि शर्यतीतच उतरविली. २६ आणि २७ मार्च १९५५ रोजी पाम स्प्रिंग्जच्या विमानतळावर आखलेल्या मार्गावर तो प्रथमच स्पर्धेत उतरला. शनिवारी नवोदितांच्या गटात त्याने पहिला क्रमांक पटकाविला. रविवारच्या मुख्य शर्यतीत तो तिसरा आला. पण पुढच्या एका गाडीला नियमांच्या मुद्द्यावर बाद ठरविल्याने दुसरा गणला गेला. बाद झालेला चालक होता केन माइल्स. २०१९ च्या ‘फोर्ड व्हर्सेस फेरारी’ या चित्रपटामुळे हे नाव नव्या पिढीलाही ठाऊक झाले आहे. माइल्ससारख्या मुरलेल्या चालकाच्या मागोमाग पहिल्याच प्रयत्नात येणारा नट हा निव्वळ हौशा नव्हता. मे महिन्याच्या पहिल्याच दिवशी बेकर्सफिल्डला तो आपल्या गटात पहिला आणि एकूण क्रमवारीत तिसरा आला. चित्रनगरीतले लोक त्याला मिरविणारा पोरगा समजत. शर्यतीच्या मैदानावरचे लोक मात्र त्याच्या हाताबद्दल आदराने बोलू लागले होते.

मेअखेरीस सांता बार्बराला पारडे फिरले. प्रारंभी बराच मागे उभा असलेला डीन भराभर गाड्या मागे टाकीत चौथ्या स्थानापर्यंत आला आणि तिथे इंजिनाने दगा दिला. पिस्टन निकामी झाला. शर्यत अर्ध्यावर सुटली. ‘सुपर’ला तिच्या मर्यादेच्या काठावर धरून चालविले की काय होते, याचा हा रोकडा अनुभव. गाडीला दोष देण्याजोगे त्यात काही नव्हते. शर्यतीत उतरणाऱ्या अनेक जणांचा पहिला मोसम असाच संपतो. मग हिवाळाभर इंजिन खोलून बसायचे आणि पुढच्या मोसमात त्याच गाडीवर अधिक समजुतीने यायचे. इथे मात्र वेगळे घडले.

दरम्यान ‘रिबेल विदाउट अ कॉज’चे चित्रीकरण आटोपले होते आणि ‘जायंट’ सुरू होत होता. दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स शिस्तीचे. चित्रीकरण संपेपर्यंत नायकाने शर्यतीत उतरू नये, असे ‘वॉर्नर ब्रदर्स’ने बजावले. कंपनीच्या दृष्टीने ते रास्त होते; हातपाय मोडलेल्या नटावर लाखो डॉलर अडकले असते. त्याच उन्हाळ्यात, ११ जून रोजी, फ्रान्समधील ‘ल मान्स’च्या शर्यतीत एक मर्सिडीज प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मोटार शर्यतींच्या इतिहासातील ती सर्वांत भीषण दुर्घटना. डीन तेव्हा टेक्सासमधील मार्फा या रखरखीत गावी तेलाने माखून जेट रिंकची भूमिका वठवीत होता. त्या अपघाताने काही देशांनी शर्यतींवर बंदी घातली. डीनच्या बेतात मात्र काही फरक पडला नाही. उलट सक्तीच्या विश्रांतीत त्याची तहान वाढत गेली. एका ‘लोटस मार्क नाइन’ची मागणीही त्याने नोंदविली होती; ती वेळेत आली नाही.

गाडी तीच ठेवायची आणि इंजिन दुरुस्त करून घ्यायचे, हा एक मार्ग होता. डीनने दुसरा निवडला. ‘जायंट’मधील त्याचे काम संपत आले, त्या सुमारास, २१ सप्टेंबर १९५५ रोजी, त्याने स्पीडस्टर ‘कॉम्पिटिशन मोटर्स’ला परत दिली आणि वर रोख भरून ‘पोर्शे ५५० स्पायडर’ घेतली. परत आलेली ‘सुपर’ आता वापरलेली गाडी झाली होती: एका मोसमात तीन शर्यती आणि एकदा फुटलेले इंजिन, असा तिचा पूर्वेतिहास.

‘५५०’ला ‘वरचे मॉडेल’ म्हणणेही खरे तर अपुरे आहे. नावाची पाटी सोडली तर ती जवळजवळ सर्वस्वी निराळी गाडी होती. नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, एकूण वजन सुमारे ५५० किलो. इंजिन मागच्या चाकांच्या मागे नव्हे, पुढे. त्यामुळे तोल सुधारलेला. अर्न्स्ट फुरमान यांनी रचलेल्या या इंजिनाला चार कॅमशाफ्ट होते, आणि ते पट्ट्यांनी वा साखळ्यांनी नव्हे, तर दांड्यांनी व दंतचक्रांनी फिरत. त्यांची जुळवणी घड्याळजीच्या सबुरीने करावी लागे. क्षमता स्पीडस्टरएवढीच, दीड हजार सीसीला दोन कमी. ताकद मात्र ११० अश्वशक्ती. वजन घटले, ताकद दीडपटीहून अधिक वाढली, आणि किंमत ‘सुपर’च्या जवळजवळ दुप्पट झाली. १९५४ मध्ये इटलीतील ‘मिल्ले मिल्या’ शर्यतीत हान्स हेरमान याने हीच गाडी बंद होत असलेल्या रेल्वे फाटकाखालून सरळ पुढे काढली होती. गाडी किती बुटकी होती, ते यावरून लक्षात यावे.

एमजीची ५४, स्पीडस्टरची ७०, स्पायडरची ११०: दीड वर्षाच्या आत हा प्रवास झाला. प्रत्येक पायरीवर आणखी काही काळ थांबण्याची मुभा होती आणि प्रत्येक वेळी वरच्या पायरीची घाई झाली. पैसा नव्हता तोवर गरिबीने त्याला आवरले. पैसा आल्यावर आवरणारा कोणी नव्हता. चित्रपट कंपनीने बंदी घातली ती शर्यतींवर, गाडीच्या खरेदीवर नव्हे.

चंदेरी स्पायडरवर १३० हा क्रमांक आणि मागे ‘लिटिल बास्टर्ड’ हे टोपणनाव रंगविण्यात आले. २३ सप्टेंबरच्या रात्री एका उपाहारगृहाबाहेर त्याने ती ब्रिटिश नट अ‍ॅलेक गिनेस यांना मोठ्या कौतुकाने दाखविली. गाडी पाहून गिनेस यांना विलक्षण अस्वस्थ वाटले आणि तिच्यात बसलास तर आठवड्याच्या आत जिवाला मुकशील, असे ते बोलून गेले. पुढे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात हे नोंदविले आहे. अशा गोष्टींना घटनेनंतर धार चढते, हे खरे; तरी गिनेस हे सनसनाटीच्या मागे लागणारे गृहस्थ नव्हते. त्याच महिन्यात डीनने ‘जायंट’च्या वेषातच रस्ता सुरक्षेविषयीच्या एका छोट्या प्रसिद्धिपटात काम केले होते. शर्यतीपेक्षा सार्वजनिक रस्ताच अधिक धोक्याचा, कारण तिथे समोरचा काय करील याचा भरवसा नसतो, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

१ आणि २ ऑक्टोबरला सलिनासला शर्यत होती. गाडी ट्रेलरवर घालून न्यायची, असे आधी ठरले होते, आणि ट्रेलर जोडलेली फोर्ड स्टेशन वॅगन तयारही होती. पण स्पायडरचे इंजिन कोरे होते. अशा इंजिनाला शर्यतीत जुंपण्याआधी काही शे मैल मोकळ्या रस्त्यावर फिरवून सरावाला आणावे लागते. चालकालाही गाडीची सवय व्हायला हवी होती. पोर्शे कारखान्याचा जर्मन मेकॅनिक रोल्फ व्युटेरिश याने गाडी चालवीतच नेण्याचा सल्ला दिला. तांत्रिकदृष्ट्या तो अगदी बरोबर होता. ३० सप्टेंबरला दुपारी दोघे स्पायडरमधून निघाले. छायाचित्रकार सॅनफर्ड रॉथ आणि मित्र बिल हिकमन रिकामा ट्रेलर ओढीत मागून येत होते.

दुपारी साडेतीनच्या सुमारास महामार्ग पोलिसांनी दोन्ही गाड्यांना अडवून अतिवेगाबद्दल चिठ्ठ्या दिल्या. डीनचा वेग पंचावन्न मैलांच्या हद्दीत पासष्ट मैल होता. वाटेत एका दुकानाजवळ सलिनासलाच निघालेले इतर शर्यतपटू भेटले. थोड्या गप्पा झाल्या. मग ओसाड टेकड्यांमधून पश्चिमेकडे जाणारा ४६६ क्रमांकाचा रस्ता. पावणेसहाच्या सुमारास, चोलेम या वस्तीजवळ, समोरून येणारी एक १९५० ची फोर्ड डावीकडे ४१ क्रमांकाच्या रस्त्याला वळू लागली. ती चालविणारा तेवीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याला समोरची गाडी दिसलीच नाही. फोर्ड स्पायडरच्या दुपटीहून जड होती. धडकेत व्युटेरिश बाहेर फेकला गेला आणि गंभीर जखमी होऊनही वाचला. डीनची मान मोडली होती. पासो रोबल्सच्या रुग्णालयात आणल्यावर डॉक्टरांनी त्याला मृत घोषित केले. चौकशीत ज्यूरीने ही घटना अपघाती ठरविली. विद्यार्थ्यावर गुन्ह्याचा ठपका आला नाही. उरलेले आयुष्य त्याने या विषयावर जवळजवळ मौन पाळले.

बेफाम वेगाने घात केला, ही समजूत त्या रात्रीपासून रूढ झाली. आरंभी ताशी पंच्याऐंशी मैलांचा आकडा सांगितला जाई. पुढील काळातील तांत्रिक फेरतपासणीत तो बराच खाली आला आणि गाडी कायद्याच्या मर्यादेच्या जवळपास असावी, असा निष्कर्ष निघाला. तसे असेल तर ११० अश्वशक्तींचा या मृत्यूशी थेट संबंध उरत नाही. साठ मैलांचा वेग वापरलेल्या एमजीलाही जमला असता. स्पायडर घातक ठरली ती दुसऱ्या कारणांनी. ती कंबरेएवढी बुटकी होती, मावळतीच्या प्रकाशात तिचा चंदेरी रंग रस्त्याच्या करड्या रंगात मिसळून जाई, आणि आदळल्यावर आतल्या माणसाला आडोसा असा काही नव्हता. शर्यतीच्या मैदानावर ही वैगुण्ये ठरत नाहीत. तिथे सारे एकाच दिशेने जातात आणि समोरून कोणी वळत नाही. स्पीडस्टरही काही किल्ला नव्हता. तरी तिचा सांगाडा पोलादी पत्र्याचा आणि अधिक भरीव होता. शिवाय ती काही महिन्यांच्या सरावाची होती. तेवढ्याने जीव वाचला असता का, याचे उत्तर कोणालाच देता येणार नाही.

‘रिबेल विदाउट अ कॉज’ अपघातानंतर महिन्याभरात, २७ ऑक्टोबर १९५५ रोजी, प्रदर्शित झाला. ‘जायंट’ १९५६ च्या नोव्हेंबरात. मुष्टियोद्धा रॉकी ग्रॅझियानो याच्या जीवनावरील चित्रपटात डीन काम करणार होता. ती भूमिका पॉल न्यूमन यांच्याकडे गेली आणि त्यांची कारकीर्द घडली. योगायोग असा, की न्यूमन यांनाही पुढे शर्यतींचे वेड लागले. पण कसे? एका चित्रपटासाठी ते रीतसर प्रशिक्षण घेऊन गाडी चालवायला शिकले, सत्तेचाळिसाव्या वर्षी अधिकृत शर्यतीत उतरले आणि कित्येक मोसम ‘डॅटसन’सारख्या साध्या घरगुती गाड्यांवर हात बसवीत राहिले. १९७९ मध्ये ‘ल मान्स’च्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्यांच्या चमूची गाडी दुसरी आली. ती गाडी होती ‘पोर्शे ९३५’, तेव्हाच्या पोर्शेंमधली अतिशय बलाढ्य. तिथवर पोहोचायला न्यूमन यांना दहा वर्षे लागली. डीनला पहिल्याच मोसमात जे जमले, ते पाहता त्याला बहुधा इतका वेळ लागला नसता. पण त्याला दहा वर्षे मिळालीच नाहीत.

स्पायडरच्या सांगाड्याभोवती पुढे शापाच्या नाना कथा रचल्या गेल्या. जत्रांतून तिकीट लावून तो दाखविण्यात आला आणि १९६० च्या सुमारास नाहीसा झाला. या कथांतला मोठा भाग विकणाऱ्यांनी रचलेला आहे. नोंदींत आढळते ते इतकेच: मोडकी गाडी एका शर्यतप्रेमी डॉक्टरने विकत घेतली, तिचे चार कॅमशाफ्टांचे इंजिन काढले आणि ‘लोटस मार्क नाइन’मध्ये बसविले, डीनने ज्या गाडीची मागणी नोंदविली होती, त्याच बनावटीच्या. काही सुटे भाग दुसऱ्या एका डॉक्टर मित्राने आपल्या ‘५५०’मध्ये लावले. १९५६ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातील पोमोना येथील शर्यतीत त्याची गाडी झाडावर आदळून तो मरण पावला. मूळ गाडीची गिअरपेटी मात्र टिकली. २०२१ मध्ये ती ऑनलाइन लिलावात ३ लाख ८२ हजार डॉलरला विकली गेली. १९५५ मध्ये संपूर्ण नवी स्पायडर सात हजार डॉलरच्या आसपास मिळत असे.